बावीस अंशांवरचा बर्फ

मेंगडे मास्तरांनी नाना पेठेत अठरा वर्षं लुना खोलल्या,
मग परीक्षा देऊन विमानं.
"फरक एवढाच," ते म्हणतात, "लुना बंद पडते
तेव्हा रस्ता आधीच पायाखाली असतो."

सकाळी सहाला, हडपसरच्या पलीकडच्या शेडमध्ये,
पंखाखालची खीळ दाबून नळीत पेट्रोल घ्यायचं.
फिकट निळं हवं, दौत विसळल्यासारखं.
तळाशी एखादा थेंब वेगळा लोळत असेल
तर ते पाणी, रात्री टाकीला आतून सुटलेला घाम.
मास्तर नळी माझ्या नाकाखाली धरतात:
"नुसतं बघू नको. नळीभर पाणीच आलं
तर त्यातही आभाळ निळं दिसतं."

चार सिलिंडर. दोन इकडे, दोन तिकडे, आडवे,
वाटणीवरून भांडून पाठी फिरवलेले भाऊ,
पण दांडा एकच फिरवतात.
रेडिएटर नाही. वारा आणि तेल, बस्स.
प्रत्येकाला दोन प्लग, दोन मॅग्नेटो,
बॅटरी मेली तरी ठिणगी मरत नाही.
उडण्याआधी किल्ली उजवीकडे: आकडा ऐंशीने पडला.
डावीकडे: नव्वदने.
"आणि पडलाच नाही तर?"
"तर उत्तम इंजिन," मी म्हटलं.
मास्तरांनी चहाचा कप बॉनेटवर ठेवला.
"तर किल्ली बंद केलेली त्या मॅग्नेटोला कळलेलंच नाही.
उभ्या विमानाच्या पंख्याला हात लावलास
की हात पंख्याचा.
जे थोडंसुद्धा घसरत नाही, त्याच्यावर आधी संशय घे."

श्रावणातला मंगळवार. मी एकटी.
दिवेघाटावर ढग खाली आलेले, त्यांच्याखालून हळू चाललेली,
बाहेर बावीस अंश.
आकडा बावीसशेवरून एकवीसशे. थ्रॉटल पुढे केला.
पुन्हा एकवीसशे.
माठ ज्या हिशोबाने पाणी गार करतो
त्याच हिशोबाने कार्ब्युरेटरचा घसा गार पडतो:
पेट्रोल उडतं, जाताना ऊब घेऊन जातं,
आणि ओल्या हवेचा आत बर्फ धरतो.
हे मी परीक्षेत लिहिलं होतं. चार गुण.

गरम हवेची मूठ ओढली.
आकडा आणखी कोसळला. इंजिन खोकलं,
पूर्ण विमान खोकलं, माझे दात खोकले.
वितळलेलं पाणी ते गिळत होतं,
आणि माझा हात सांगत होता: मूठ परत आत ढकल,
मघाशी बरं होतं.
मघाशी बरं नव्हतं. मघाशी फक्त शांत होतं.
"आधी बिघडेल," मास्तर म्हणाले होते, "बिघडू दे."
मी उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसले.
खाली सासवडचे ट्रक वळणावळणाने चढत होते.
एक मोजला. दोन. एक टँकर. चौथा दिसेना.
मग ठोके एकेक करून जागेवर आले,
आकडा वर सरकला, बावीसशेच्याही किंचित पुढे.

खाली उतरून इंजिन किल्लीने नाही,
लाल मुठीने बंद केलं: मिश्रण तोडायचं,
आत घोटभर पेट्रोलही उरू द्यायचं नाही.
पंखा दोनदा अडखळला, थांबला.
तापलेलं पोलाद टिक् टिक् करत राहिलं.
मास्तरांनी विचारलं, "हात कुठे होता?"
मी दाखवला. मनगटावर सीटच्या शिवणीचे वळ.
त्यांनी वहीत लिहिलं: बर्फ. गरम हवा. इंजिन ठीक.
माझ्याबद्दल काही लिहिलं नाही.

संध्याकाळी मगरपट्ट्याच्या सिग्नलला
शेजारी एक गृहस्थ, हेल्मेट कोपराला अडकवलेलं.
"काका, तुमची गाडी मधेच एक ठोका गाळतेय. प्लग बघून घ्या."
त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या स्कूटरला.
"मेकॅनिक आहात?"
"नाही."
"मग?"
सिग्नल सुटला. पुलाच्या उतारापर्यंत
मला तो न पडलेला ठोका ऐकू येत होता.