टाचेपर्यंत

इल्ता कार्पिनेन, विरोधी बाकावर.
प्रश्नाला मिनिट एक.

मंत्री म्हणाले होते,
म्हाताऱ्यांच्या घरभेटीला वीस मिनिटं पुरे :
गोळ्या, जेवण, अंघोळ, मोजे.

ती बोललीच नाही.
पर्समधून काढला
कुहमोच्या तावेत्तीचा सुजेवरचा घट्ट मोजा,
बूट काढला, लागली चढवायला
हेलसिंकीत, भर सभागृहात.
कुणी खोकलं. कुणी हसू गिळलं.
मंत्री कागद चाळत राहिले.
मोजा टाचेशी अडला,
रोज अडतो तिथंच.
हातोडा वाजला.

दुरुस्ती पडली, चार मतांनी.

रात्री फोन. तिकडे उणे बावीस.
"चढला का गं?"
"टाचेपर्यंत."
"मग निम्मं झालं," तावेत्ती म्हणाला,
"टाच ओलांडली की सोपं असतं.
पण मोजा धाड लवकर,
एकाच पायाची सूज उतरलीय इथं."