रकाना क्रमांक सात

प्रकल्प संपल्यावर काय उरेल?
दोनशे शब्दांत लिहा.

यंदाही इथेच बसलेय, कबरस्तानाच्या भिंतीला पाठ टेकून,
कारण नेट येतं ते एवढ्याच दोन हात जागेत.
मांडीवर शाळेचा लॅपटॉप, बॅटरी एकतीस टक्के.
भिंतीच्या आत माझे सासरे.
हयातभर प्रत्येक बैठकीत एकच विचारत आले:
कुरणाचे पैसे गेले कुठे?
उत्तराआधी जागा मिळाली त्यांना,
चांगली आहे, नारीन नदी दिसते.

आम्हाला हवा होता एक फळा.
कार्यालयाच्या बाहेरच्या भिंतीवर. आत नव्हे, बाहेर.
जमा किती, खर्च किती, महिन्याच्या महिन्याला, खडूनं.
वर हातभर छप्पर, बर्फासाठी.
आणि एक दिवा,
कारण हिवाळ्यात पाचालाच अंधारतं
आणि बाया वाचायला येणार त्या धारा काढून झाल्यावर.

सुतार जुमाश म्हणाला, सत्तावीस हजार सोम, खिळे धरून.
दूतावासाचा अर्ज म्हणाला, किमान पाच हजार डॉलर.
त्याहून कमी मागायची सोयच नव्हती.

मग बुरुलकानच्या स्वयंपाकघरात
आम्ही गरज वाढवायला बसलो.
फळ्यासाठी कार्यशाळा, कार्यशाळेसाठी बॅनर,
बॅनरवर त्यांचं चिन्ह, त्यांनी दिलेल्या मापात.
'चहापान, दोन वेळा' असं मी लिहिलं
तशी बुरुलकान किटली खाली ठेवून हसत सुटली:
"चाळीस वर्षं पाजतेय बैठकांना,
याला वेगळी ओळ असते होय गं?"

पारदर्शकता हा शब्द अठरा वेळा आला.
त्याचा अर्थ मी शार्शेन मिराबला सांगत होते,
जो पाण्याच्या पाळ्या लावतो
आणि कुणाला किती तास दिले त्याच्या खाचा
पॉप्लरच्या काठीवर पाडून ती पाटाशी रोवून ठेवतो.
त्यानं ऐकून घेतलं. काठी उपटून माझ्या हातात दिली.
"मग हीच पाठव की."
फोटो काढला. जोडपत्र तीन.
फाईल मर्यादेपेक्षा मोठी आहे, असं उत्तर आलं.

सहीसाठी गावप्रमुखाकडे अकरा हेलपाटे.
ज्याचा हिशोब मागायचा
त्याच्याच शिक्क्याशिवाय मागता येत नाही.
तो ताकास तूर लागू देईना.
बाराव्या खेपेला शिक्का मारता मारता म्हणाला,
"दिवा कशाला? दिवसा वाचा."

मे महिन्यात पत्र आलं.
प्रस्ताव प्रेरणादायी वाटला, पण यंदा अर्ज फार.
पत्र खरंच सुंदर होतं,
बुरुलकाननं दोनदा वाचून घेतलं.
मग गोठ्यात गेली आणि जुनं दार पाठीवर घेऊन आली.

शाळेतला उरलेला काळा रंग. छप्पर नाही. दिवा नाही.
पहिली नोंद काय करायची?
कुरणाचे आकडे आमच्याकडे होते कुठे!
जे होतं ते लिहिलं:
अर्जाचा खर्च.
नोटरी सहाशे. बिश्केकला दोन खेपा, अडीच हजार.
भाषांतर तीन हजार दोनशे.
एकूण सहा हजार तीनशे. पदरमोड.

संध्याकाळपर्यंत दारापुढे तीसेक माणसं.
तीन हजार दोनशे? भाषांतराला?
कुणाला विचारून?
मला, झूराकानला, हिशोब लिहिणारीला,
अख्ख्या गावानं उभं करून धारेवर धरलं.
कानशिलं तापली होती. घरी जाऊन रडलेही थोडी.
रात्री उशिरा लक्षात आलं,
इतकी माणसं बैठकीला कधीच आली नव्हती.

गावप्रमुख पहाटे वाचून गेला म्हणतात, हात मागे बांधून.
पुसलं काही नाही.
फक्त नोटरीचे सहाशे कुणीतरी पाचशे ऐंशी केले होते.
तपासलं. पावती पाचशे ऐंशीचीच.
खडू पिवळा होता.
पिवळा खडू कार्यालयातच असतो.

खालचा अर्धा भाग तेव्हापासून रिकामा.
वर एकच शब्द: कुरण.

बॅटरी नऊ टक्के.
रकाना सात.
जुमाश म्हणतो, दार बाभळीचं नव्हे, अक्रोडाचं आहे,
तेवढं तरी लिही.