फसफस

रोल्यात, चौथ्या मजल्यावर, बाहेर सत्तेचाळीस.
कपड्यांच्या कपाटात, एलईडीच्या पट्टीखाली
अळूची चार पानं.

पाण्याची बाटली, पाव किलो साखर, चिमूटभर यीस्ट,
झाकणाला भोक, त्यात सलाईनची नळी:
साडेतीन दिरहमचा कारखाना.
पेल्यात दर दोन सेकंदांनी
एक बुडबुडा.

हारिसला वास लागला. "शराब?"
शारजात हा प्रश्न
हसण्यावारी नेता येत नाही.
कपाट उघडून दाखवलं.
तो बराच वेळ पानांकडे बघत राहिला,
मग वाकून
हळूच एक फुंकर घातली त्यांच्यावर.

परकार पलंगावरूनच म्हणाला,
उगाच पैसे घातलेस.
आम्ही सहा जण रात्रभर
फुकटच सोडतो की रे.

बाटली आहेच अजून.
पण झोपताना
कपाटाचं दार किलकिलं ठेवतो.