मोरीचा हिशेब

धामणे रस्त्याला, जिथं डांबर जरा बसलंय,
तिथं एक मोरी घालायची आहे.
वर पस्तीस एकर. म्हणजे चौदा हेक्टर.
उतार मी स्वतः मापला, कल्लाप्पाला पट्टी धरायला लावून.
तो दर वीस मीटरवर म्हणायचा,
"म्याडम, पाणी काय आपल्याला विचारून येतंय?"

विचारून नाही. पण हिशेबानं येतं.
जमीन किती नाकारते, तो एक आकडा.
तासाला किती मिलिमीटर कोसळेल, तो दुसरा.
आणि क्षेत्रफळ, जे तेवढंच राहतं,
मालक कितीही बदलोत.

सगळ्यात लांबच्या बांधावरचा थेंब
मोरीपर्यंत यायला किती मिनिटं घेतो,
हे सूत्रानं काढता येतं.
मी हुवाप्पा अष्टेकरांना विचारलं.
"आधी म्हशीची धार काढून व्हायची,
चरवी घरात ठेवून यायचो, मग यायचं पाणी.
आता पानाला चुना लावेस्तोवर
येऊलालंय की पायात."

धार: अठरा मिनिटं, मी लिहिलं.
चुना: अकरा,
म्हातारा वाढवून सांगतो हे धरून.

मधल्या वर्षांत भात गेलं, फरशी आली.
दहातला सात भाग पाऊस माती पिऊन टाकायची,
आता तिच्या वाट्याला तीन,
तेही गच्चीवरच्या कुंड्या धरून.

गुणाकार केला. तीनशे साठनं भागलं.
जुना आकडा पाऊण घनमीटरच्या थोडा वर,
नवा अडीचला जरासा कमी.
सेकंदाला.
आणि मंजूर झालेला
नऊशे मिलिमीटरचा एकच नळ.

हिरेमठ साहेबांनी कागद उलटून पाहिला,
जणू मागच्या बाजूला लहान आकडा असेल.
"पंचवीस वर्षांतनं एकदा येणारा पाऊस ना हा?
साकु. नऊशे साकु."
एकदा, खरं आहे.
कुठल्या वर्षी, ते तक्त्यात नसतं.

मी पेटीमोरीचा नकाशा जोडला, दोन बाय दीड,
कन्नड रकान्यांत आकडे भरले, सही केली.
फाइल चढावर गेली.
तिला किती वेळ लागेल
याचं सूत्र मला कुणी शिकवलं नाही.

परवा त्या बाजूनं गेले.
हुवाप्पांनी गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं रेघ ओढलीय,
मी हातानं दाखवली होती त्याच्या वीतभर वर.
दावणीचे खुंटेही उपटून वरच्या अंगाला नेलेत.
"तुमचा हिशेब बरोबरच असंल," म्हणाले,
"ही वीत आमची."