हयातीचा दाखला

कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीच्या फाटकात
आत्याची पिशवी तपासली:
चष्मा, डबा, पेन्शनचं पुस्तक.

पितळी पाटीवर नावं हुद्द्यानं लावलेली.
पार खाली, भट्टीवाल्यांत,
घाकू तांडेल.
आत्याला अक्षरं येतात ती या एका नावाची.
"ध ची गाठ सुटलीय," म्हणाली.

"हात नका लावू, पितळ काळं पडतं."
पहारेकऱ्याचं ऐकून घेतलं तिनं,
आणि डावा अंगठा दाबून धरला त्या घ वर,
बँकेत धरते तसा, दर नोव्हेंबरात,
आपण जिवंत आहोत म्हणून.

त्यानं मेल्याचा दाखला
अजून दिलेला नाही.
जहाज तेवढं बुडालं, असं कळवलं होतं.

समुद्राकडे तिनं पाहिलंच नाही.
बसमध्ये
पदराआड
अंगठा हुंगत राहिली.