घोरपडीतली हेराल्ड

ताडपत्री ओढली तेव्हा
आधी एक मांजर बाहेर आलं, मग गाडी.
चौसष्टची हेराल्ड, उघड्या टपाची,
रंग दह्यासारखा, कडेला जरा आंबलेला.

मी खिशातून लोहचुंबक काढतो,
पायमोज्यात गुंडाळलेला, ओरखडा उठू नये म्हणून.
पुढचा मडगार्ड, धरतो.
बॉनेट, धरतो.
मागच्या चाकावर सुटतो.
पुट्टी. दोन बोटं जाड.
हरकत नाही, साठ वर्षांत कुणाला लागत नाही.

बाणेरचा गिऱ्हाईक फोनवर विचारतो,
ओरिजिनल आहे ना काका?
वाण्याला विचारावं तसं, इंद्रायणीच आहे ना?
थांबा, म्हणतो मी.

काचेवरचा शिक्का खरा.
दिव्यांच्या कड्या नाना पेठेतल्या,
त्या मीच विकल्या असतील ऐंशीच्या आसपास,
कंपनीच्या म्हणून.
चॅसीच्या पाटीचे रिव्हेट जुनेच,
रंगाखाली झोपलेले.
राहता राहिला टप.

या गाडीचं छप्पर बोल्टवर बसतं.
हे ठाऊक असलेली माणसं आता
पुण्यात एका रिक्षात मावतील.
काढता येतं. काढलं की गाडी उघडी,
आणि विकणारा म्हणतो, जन्मापासून अशीच.

मी आत आडवा होऊन बॅटरी मारली.
सीटमागे, गालिच्याखाली, भोकं.
शिशानं बुजवलेली,
वरून कानस इतकी हळू फिरवलेली
की नखालाही लागेनात.
घाईतलं काम नव्हतं.
विकण्यासाठी केलेलं तर नव्हतंच.

शांतवन भांबळ व्हरांड्यात बसलेले,
कुबड्या खुर्चीला टेकवून.
म्हणाले, पप्पांनी मद्रासहून अशीच मागवली,
आमच्या लायनीत दुसरी नव्हती.
मी हो म्हणालो.
हो म्हणजे, ऐकलं.

मग ते दिसलं.
डाव्या दाराच्या वरच्या काठावर,
जिथे उतरताना कुणाचा हात जात नाही तिथे,
रंग गेलेला, खालचा प्रायमर गेलेला,
पत्रा चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत.
आणि खाली, रबरी मॅटवर
चरे, शेजारी शेजारी, लोखंड घासल्याचे,
आधी चिमुकल्या मापाचे,
त्यावर जरा मोठ्या.

कॅलिपर घातलेलं पोर
बंद गाडीत वाकून शिरत नाही.
वरून ठेवावं लागतं,
काखांत हात घालून,
कोपर दारावर टेकवून,
शाळेला, ससूनला, चर्चला, परत.

चुंबक मोज्यातून काढला
(आता ओरखड्याचं काय)
आणि तिथे नुसता नेला जवळ.
खट्कन बसला.

माझ्या फॉर्मात दोनच रकाने,
मूळ आणि बदललेलं.
पेन झटकलं. शाई होती.
छप्पर : बदललेलं, असं लिहिलं.
ते खरं आहे,
आणि मी त्याचेच पैसे घेतो.

कशावरून? त्यांनी विचारलं.
स्वतःच उठले, कुबड्या घेतल्या,
तीन पायऱ्यांना वेळ लागला.
मी काठ दाखवला.
त्यांनी अंगठा ठेवला. फिरवला.
म्हणाले, पप्पांच्या सगळ्या शर्टांचा
उजवा कोपर फाटायचा.
आई फार चिडायची.

बऱ्याच वेळानं :
आता किंमत उतरेल?
उतरेल.
किती?
निम्मी.
ते हसले, जरा जास्तच वेळ,
आणि आत कुणाला तरी ओरडून सांगितलं,
चहा टाक, एकात साखर नको.

गोळीबार मैदानाच्या सिग्नलला
खिसा चाचपला.
मोजा होता, चुंबक नव्हता.
डाव्या दारावर राहिला,
उघड्या पत्र्याला धरून.

मागचे हॉर्न वाजवत होते.
बाणेरवाल्याचा फोनही वाजत होता.
उद्या आणू, म्हटलं,
आणि गिअर टाकला.