फट

पुस्तकातलं चित्र मोबाइलवर नेलं:
नवाहो बायांची टोपली.
मधोमध उगमाची जागा, काळ्या पायऱ्यांचे ढग,
लाल पट्टा, आणि सगळे वेढे कापत
बाहेर निघालेली एक मोकळी वाट.
पूर्वेकडे धरायची म्हणे.

अंबव्वा वडतिलेंनी कामटी दातांत धरली,
डोळे बारीक केले.
"हात चांगलाय. बांबू न्हाई ह्यो."
झुडूप असतं, म्हटलं, त्यांच्याकडचं.
"आन् ही फट?"
विणणारीचं मन आत कोंडू नये म्हणून.
त्या हसल्या. कामटी खाली पडली.

गड्ड्याच्या जत्रेआधी चाळीस परड्या द्यायच्या होत्या.
मांडीवरच्या परडीच्या काठालाही
बोटभर जागा उघडीच.
मी आशेनं विचारलं, ही वाट?
"वाट कसली! बांबू संपला.
उद्या नळाला पाणी, पाच दिसांनी.
परवा भरीन."

परवा गेलो. परडी नव्हती.
कुणी जोगतीण तशीच घेऊन गेली,
भंडारा भरून, घाईत.

बुरूड गल्लीतून एक बारीक पिवळी रेघ
गटारावरच्या फरशीवरून, पानटपरीला वळसा घालून
विजापूर वेशीपर्यंत दिसली.
पुढं रिक्षाच रिक्षा.